विसाव्याच्या घराला लागणारे हात

शहरापासून दूर लहानसं घर असावं, ते आपल्या हातांनी नीटनेटकं करावं आणि अधूनमधून तिथे जाऊन राहावं, ही इच्छा आज इतकी सहज वाटते की तिचे दोन भाग वेगळे आहेत हे लक्षातच येत नाही. दूर जाणं फार जुनं आहे. आपल्या हातांनी घर नीट करणं मात्र त्यात बरंच उशिरा आलं. म्हणून अशा कुठल्याही घराचं वर्णन वाचताना मी आधी एकच गोष्ट शोधतो: तिथे केर कोण काढतं?

रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या पत्रांत याचं उत्तर स्पष्ट आहे. रोमपासून 17 रोमन मैलांवर, म्हणजे साधारण 25 किलोमीटरवर, समुद्राकाठी त्याचं घर होतं. शहरातली दिवसभराची कामं उरकूनही तिथे जाऊन राहता येतं, असं तो मित्राला कळवतो. कुठल्या खोलीत सकाळचं ऊन येतं, कुठे लाटांचा आवाज पोहोचतो, सगळं तो प्रेमाने लिहितो. बागेच्या टोकाला त्याची सर्वांत आवडती दालनं होती. डिसेंबरातल्या सॅटर्नेलिया सणात घरातले लोक मोकळेपणी गोंगाट करत, तेव्हा तो तिथे जाऊन वाचत बसे. हे लोक म्हणजे मुख्यतः त्याचे गुलाम. त्यांच्या श्रमांवर त्याचा निवांतपणा उभा होता, आणि त्यांच्या सणापासूनही त्याला निवांतपणा हवा होता. पत्र सुंदर आहे, पण हे लक्षात आल्यावर मला ते पूर्वीसारखं वाचता येत नाही.

जपानमध्ये 1212 साली कामो नो चोमेईने आपल्या झोपडीवर एक छोटं गद्य पुस्तक लिहिलं, ‘होजोकी’. क्योटोची 1177 ची आग, मग वादळ, दुष्काळ, 1185 चा भूकंप, हे सगळं पाहिलेला हा कवी. त्याची झोपडी जेमतेम 10 फूट लांब-रुंद होती. लाकडांचे सांधे त्याने कड्या-आकड्यांनी जोडले होते, जागा नकोशी झाली तर घर सोडवून हलवता यावं म्हणून. सामान दोन गाड्यांत मावेल एवढंच. हातांनाच चाकर आणि पायांनाच वाहन मानण्याचा विचारही त्याने तिथेच मांडला. विसावा घेणारा आणि राबणारा इथे एकच माणूस आहे. पण चोमेई संन्यासी होता. घरावर जीव जडतोय याचीच त्याला शेवटी टोचणी लागली. संसारी माणसाला त्याच्याकडून वाट मिळत नाही.

ती मिळाली अमेरिकन लेखक थोरोकडून. दुर्गाबाई भागवतांनी त्याचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, त्यामुळे आपल्याकडे हे पुस्तक अनेकांच्या कपाटात आहे. त्यातला एकांत लोकांच्या ध्यानात राहतो. मला त्यातला जमाखर्च मोलाचा वाटतो. 1845 साली वॉल्डन तळ्याकाठच्या रानात, मित्र इमर्सनच्या मालकीच्या जमिनीवर, थोरोने 10 फूट रुंद, 15 फूट लांब घर बांधलं आणि प्रत्येक बाब टिपून ठेवली. एकूण खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट. जुन्या विटा, जुन्या खिडक्या. फळ्यांसाठी त्याने जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश रेल्वे मजुराचं खोपटं सव्वाचार डॉलरला घेतलं, मोडलं, खिळे उपटले आणि वाकलेल्या फळ्या गवतावर उन्हात पसरल्या. 4 जुलैला तो राहायला गेला तेव्हा गिलावा व्हायचा होता, धुराडंही नव्हतं. ते त्याने थंडी पडण्याआधी बांधलं. घर पुरं करत करत तो तिथे राहिला, आणि ते काम त्याने विसाव्याच्या आड येऊ दिलं नाही. उलट त्या कामाचाच आनंद लिहिला. विचाराला खरं वळण मिळालं ते इथे.

तरी त्या फळ्या मनातून जात नाहीत. कॉलिन्सच्या बायकापोरांना त्यांनीच निवारा दिला होता, आणि ते कुटुंब पहाटे सहाला गाठोडं घेऊन रस्त्याला लागलं. एकाची निकड दुसऱ्याची निवड झाली, तीही त्याच लाकडांतून. थोरोने हे लपवलेलं नाही. त्याच रानात पूर्वी राहून गेलेल्या, गुलामीतून सुटलेल्या गरीब माणसांवरही त्याने एक प्रकरण खर्च केलं आहे.

विसाव्याचं घर मोजक्यांच्या हातून सुटून लाखो लोकांपर्यंत पोहोचलं ते रशियात. चेखवच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ या नाटकात, 1904 साली, जमीनदाराची बाग तोडून तिथे उन्हाळी घरांसाठी तुकडे पाडण्याची भाषा आहे. सोव्हिएत काळात, विशेषतः 1949 नंतर, कामगार-कर्मचाऱ्यांना बागेसाठी जमिनी मिळू लागल्या आणि 600 चौरस मीटरचा तुकडा हे ठरलेलं माप झालं. घर केवढं बांधायचं यावर बंधनं होती, सामानाची टंचाई होती. जुनी दारं, टाकलेल्या खिडक्या, खोक्यांच्या फळ्या जमवून लोकांनी दाचा, म्हणजे सुट्टीची छोटी घरं, उभी केली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दुकानं रिकामी झाली तेव्हा याच तुकड्यांतल्या बटाट्यांनी घरं तारली. सुट्टीचं घर आणि पोटापाण्याचं रान यांत तिथे फारसं अंतर उरलं नाही.

आपल्याकडे आधी आली ती साहेबांची थंड हवा: महाबळेश्वर, 1850 नंतर माथेरान. मागून मुंबईच्या शेठांचे बंगले. त्यांत माळी, खानसामा, हमाल, म्हणजे प्लिनीचीच तऱ्हा. आजची बरीचशी फार्महाउसं त्याच ओळीतली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला फार सांगण्यासारखं काही दिसत नाही.

कोकणातल्या बंद घराचं तसं नाही. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात आहे. आजोबा मुंबईत गिरणीत होते. त्यांच्या लेखी मुंबईची खोली म्हणजे मुक्काम आणि हे घर म्हणजे घर. खोलीत ते पाळीपाळीने झोपत. गावचं घर आजीने सांभाळलं. सारवण, शेणी, पाणी, परसातलं आळं, वैशाखात गडी लावून घर शाकारून घेणं, सगळं तिच्या अंगावर. विसाव्याला जायची जागा म्हणून तिने या घराकडे कधी पाहिलं नसणार. आम्ही तसं पाहतो. कॉलिन्सच्या फळ्यांचं असंच झालं होतं, फक्त इथे घर विकत न घेता वारशाने आलं.

म्हणून दुरुस्ती करताना या घराची मूळ रीत समजून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. जुनी नळीची कौलं दरवर्षी परतावी लागत. 1865 साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौलं किनाऱ्याने वर आली, तेव्हा ती खटपट कमी झाली. संपली मात्र नाही. एक कौल फुटलं की रीप कुजते, रिपेवरून ओल वाशात उतरते. तेव्हा भिंतींना रंग देण्याआधी पाखे उतरवून वासे ठोकून पाहावेत. चिऱ्याच्या आणि मातीच्या भिंतींवर सिमेंटचा जाड गिलावा चढवू नये. आत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडत नाही, चुन्यातून पडते. शेणाची जमीन काढून फरशी घालण्याची घाई तर मुळीच करू नये.

सगळ्यात मोठा बदल चुलीचा. आजीच्या चुलीचा धूर रोज आढ्यापर्यंत जाई, वासे काळे पडत आणि त्या काजळीमुळे किडी दूर राहत. चूल विझली, घर बंद झालं, आणि ज्या लाकडाने तीन पिढ्या काढल्या त्याला दहा-बारा वर्षांत वाळवी लागली. स्वयंपाक करता करता आजी छपरही राखत होती. तिचं हे काम आम्हाला आता वेगळं बसून करावं लागतं. वाशांना काजूच्या टरफलांचं तेल द्यायचं तर लाकूड खडखडीत कोरडं हवं, म्हणजे वैशाख. पावसात उघडून हवा द्यायची तर गणपतीपर्यंत थांबता येत नाही. श्रावणात एक फेरी करावी लागते, नाहीतर शेजारच्या काकींकडे किल्ली ठेवावी लागते, आणि ते त्यांचं काम समजून त्याचे पैसे ठरवून द्यावे लागतात. आमच्या घरात आता रजेचे अर्ज या हिशेबाने पडतात.