शिंग उंचावणारा कोण?

एखादा माणूस थोडे यश मिळताच ताठ वागू लागला की ‘याला शिंगे फुटली’ असे आपण सहज म्हणतो. यहुदी लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथांतही शिंगाचा उल्लेख वारंवार येतो. तेथे त्याला ‘केरेन’ म्हणतात. बैलाचे बळ त्याच्या शिंगांत दिसते, म्हणून केरेन म्हणजे सामर्थ्य आणि मानही. मग सामर्थ्य असणे हाच दोष आहे का? या ग्रंथांतील कथा वाचताना मूळ प्रश्न वेगळाच असल्याचे ध्यानात येते. शिंग आहे की नाही, यापेक्षा ते कोणी उंचावले, याला तेथे महत्त्व आहे.

राजा अहाब युद्धाला निघाला, तेव्हा त्याच्या दरबारातील सुमारे ४०० संदेष्ट्यांनी विजयाची ग्वाही दिली. त्यांच्यातील सिद्कीयाने तर लोखंडाची शिंगे घडवून आणली आणि ‘यांनी तू शत्रूला हुंदडशील’ असे सांगितले. एकट्या मीखायाने सत्य सांगितले. त्याला चपराक आणि तुरुंग मिळाला. अहाब वेष पालटून लढला, तरी एक बाण त्याला लागला आणि संध्याकाळी तो मेला. खुशामतीने चढवलेली शिंगे लोखंडाची असूनही कामी आली नाहीत.

याउलट हन्नाची कथा पाहा. ती निपुत्रिक होती, सवतीचे टोमणे सोसत होती. पुत्र झाल्यावर तिने त्याला देवाच्या सेवेला वाहिले आणि देवाने आपले शिंग उंच केले, असे ती आनंदाने गायली. तिचे मस्तक वर झाले ते मिळवल्यामुळे नव्हे, तर मिळालेले देवाला अर्पण करतानाही ती कृतज्ञ राहिली म्हणून. पुढे तिच्याच मुलाने, शमुवेलाने, तेलाने भरलेले शिंग घेऊन मेंढरे राखणाऱ्या दावीदाला अभिषेक केला. हुंदडण्याचे शस्त्र अभिषेकाचे पात्र झाले.

होमवेदीच्या चारही कोपऱ्यांना शिंगे असत. संकटात सापडलेला माणूस ती धरून आश्रय मागे. अदोनीयाने ती धरली, तेव्हा त्याला त्या वेळी अभय मिळाले. सेनापती यवाबानेही ती धरली. पण त्याने शांततेच्या काळात दोघांना कपटाने मारले होते. जाणूनबुजून कपटाने खून करणाऱ्याला वेदीपाशीही आश्रय नाही, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. यवाब तेथेच मारला गेला. हा प्रसंग कठोर आहे. पण पवित्र स्थानाला हात लावल्याने हातावरचे रक्त धुतले जात नाही, हे तो स्पष्ट सांगतो. आपणही कधी अन्याय करून वर देवपूजेचा आडोसा शोधत नाही ना?

यहुदी नववर्षाला मेंढ्याच्या शिंगाचा ‘शोफार’ फुंकला जातो. कोकणात स्थिरावलेल्या बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनामंदिरांतही त्याचा नाद होतो. शोफार तयार करताना शिंगाच्या आतला हाडाचा गाभा काढून टाकतात. आत पोकळी झाल्यावाचून त्यातून स्वर उमटत नाही. तो स्वर शत्रूला भिवविण्यासाठी नसतो; वर्षभर आपण कसे वागलो, हे तपासण्यासाठी तो माणसाला जागे करतो.

शिंग तेच असते. त्यात ‘मी’ भरला की ते हुंदडते, तेल भरले की अभिषेक करते आणि रिकामे झाले की साद घालते. आपल्याजवळ विद्या, पैसा, अधिकार, वय, काही ना काही बळ असतेच. ते मोडून टाकण्याची गरज नाही. आज त्या बळाने आपण कोणाला ढुशी दिली आणि कोणाला आधार दिला, एवढे रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला विचारावे.