परड्यातला वारसा: काय ठेवायचं, कुणी ठेवायचं?

वारसा म्हटलं की आपल्याला कागद आठवतो. सातबारा, मृत्युपत्र, बँकेतलं नामांकन. झाडांना असा कागद नसतो. आंब्या-नारळाची फार तर कुठे नोंद सापडेल. अबोलीची, गुलबक्षीची, कुंपणाकडेच्या एखाद्या कंदाची कुणी करत नाही. लावणारा माणूस गेला की झाडांबद्दल सांगणारं कुणी उरत नाही, झाडं मात्र आपल्या ताब्यात येतात. मग जो प्रश्न उभा राहतो तो दिसायला बागकामाचा आहे, पण मुळात नीतीचा आहे. दुसऱ्यानं लावलेलं काय ठेवायचं, काय काढायचं, आणि हे ठरवणारे आपण कोण?

चिपळूणजवळच्या आजोळच्या परड्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे आला. आजी गेल्यावर घर मामा सांभाळतो. एक खोली वाढवायची होती, म्हणून परडं साफ करायचं ठरलं. त्याआधी तिथे काय काय आहे ते बघून ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

आजकाल हे सोपं वाटतं. फोन समोर धरला की गूगल लेन्स नाव सांगतं. नावाचा फायदा खराच आहे. जोवर नाव माहीत नसतं तोवर समोर फक्त ‘झाडी’ असते, आणि झाडी साफ करताना हात थांबत नाही. ‘अडुळसा’ म्हटलं की थांबतो. ‘तण’ हा वनस्पतिशास्त्रातला कुठला गट नाही. तो आपण दिलेला निकाल आहे, आणि बऱ्याचदा ओळख पटण्याआधीच दिलेला.

पण नाव म्हणजे ओळख नव्हे. आपल्याकडचे चाफेच बघा. सोनचाफा, देवचाफा, हिरवा चाफा, भुईचाफा, नागचाफा. शास्त्राच्या दृष्टीनं ही पाच वेगवेगळ्या कुळांतली मंडळी आहेत. देवचाफा कण्हेरीच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या, भुईचाफा तर हळदीच्या. आपल्या लोकांनी मात्र या सगळ्यांना एका आडनावाखाली आणलं. त्यात अडाणीपणा नाही, त्यांचा प्रश्नच वेगळा होता. शास्त्र विचारतं, फुलाची रचना कशी आहे, नातं कुणाशी आहे. आजी विचारायची, वास कसा आहे, देवाला चालतं का, गजऱ्यात टिकतं का. आपण काय विचारतो त्यावर ओळख ठरते. अ‍ॅप पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं. हे झाड इथेच, विहिरीच्या या अंगालाच का लावलं, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

नावं कळली की पुढचा मोह होतो तो सरळ नियमाचा. देशी ठेवा, विदेशी काढा. मलाही तो नियम स्वच्छ वाटला होता. पण तो लावायला घेतला तर झेंडू जातो, म्हणजे दसऱ्याचं तोरण जातं. देवळापुढचा देवचाफा जातो, पेरू जातो, गुलबक्षी जाते, आणि मिरचीही जाते. हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. त्याच खंडातून आलेली घाणेरीही परड्यात होती. तीही शोभेचं झाड म्हणूनच भारतात आणली गेली. पण पाखरं तिची फळं खातात आणि बी लांबवर टाकतात. ती रान व्यापते, खालचं गवत मारते, गुरांनी खाल्ली तर त्यांना विषबाधा होते. मग फरक जन्मगावाचा नाही, वागणुकीचा आहे. गुलबक्षी माझ्या कुंपणात राहते. घाणेरीबद्दल मी घेतलेला निर्णय शेजाऱ्याच्या रानालाही भोगावा लागतो. म्हणून ती काढली. शिक्षा म्हणून नव्हे, झाड काही गुन्हा करत नाही.

बिट्टीचा निर्णय अवघड होता. आजी रोज तिचीच पिवळी फुलं देवाला वाहायची. पण बिट्टीचं बी जीवघेणं विषारी असतं, आणि घरात आता खेळायला बिया गोळा करणारं लहान पोर आहे. बिट्टी गेली. यावर आईचा आक्षेप होता, “आईनं हाताने लावलेली होती ती.” मेलेल्या माणसाची इच्छा आपल्यावर किती बंधनकारक असते? मला असं वाटतं की आजीनं बाग कधी ‘पूर्ण’ केलीच नव्हती. तीही झाडं उपटायची, जागा बदलायची, न आवडलेलं देऊन टाकायची. तिनं मागे ठेवली ती झाडांची यादी नव्हे, निवड करण्याची रीत. यादी जशीच्या तशी जपली तर घराचं संग्रहालय होईल.

अर्थात यात एक पळवाट आहे. ‘मी आजीची रीत चालवतोय’ असं म्हणत मी काहीही तोडू शकतो. म्हणून या मोकळीकीला लगाम हवा. मला दोन लगाम सापडले.

पहिला, वर्षभर थांबणं. भुईचाफ्याची पानं थंडीत मरतात आणि जमीन रिकामी दिसते. उन्हाळ्यात पानांच्याही आधी थेट मातीतून फुलं वर येतात. जानेवारीत परडं साफ करणाऱ्याला तिथे काहीच नाही याची खात्री वाटेल. एका ऋतूत बघून दिलेला निकाल हा अर्ध्या साक्षीवर दिलेला निकाल असतो.

दुसरा, काय परत आणता येतं आणि काय नाही, हे तपासणं. देवचाफा फांदीपासून लागतो. आजीनं शेजारच्या काकूंना दिलेली फांदी म्हणजे एका अर्थी तेच झाड आहे. इथलं पडलं तरी तिथलं आहे. हापूसही कलमानंच वाढतो. एक तोडला तरी तोच आंबा हजारो बागांत उभा असतो. रायवळ मात्र कोयीतून उगवतो, आणि बहुतेक प्रत्येक रायवळ आपल्या आईपेक्षा वेगळा निघतो. आमच्या परड्यातला रायवळ आंबट-गोड, भरपूर रेषांचा, रायत्याला उत्तम. बाजारात त्याला किंमत नाही. पण तो तोडला तर एक झाड जात नाही, एक चव जगातून जाते. बाजार ज्याला स्वस्त म्हणतो तेच इथे भरून न येणारं आहे.

१९७३ साली रिचर्ड राउटली या तत्त्वज्ञानं एक कल्पना मांडली. जगातला शेवटचा माणूस मरण्याआधी उरलेलं सगळं सजीव नष्ट करत सुटला, तर त्यानं काही वाईट केलं का? त्रास व्हायला दुसरा माणूसच उरलेला नाही. तरी आपल्याला ते वाईट वाटतं, म्हणजे सजीवांचं मोल फक्त आपल्या उपयोगात नसावं. मी हा युक्तिवाद मोठ्या उत्साहानं मामाला ऐकवला. रायवळ नेमका नव्या खोलीच्या आड येत होता.

मामा म्हणाला, “तुम्ही वर्षातून चार दिवस येता. पानं मी झाडतो. पावसाळ्यात फांदी कौलांवर पडली तर वर मी चढतो. झाड ठेवा म्हणायला तुमचं काय जातं?”

या प्रश्नाला राउटलीकडे उत्तर नाही, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेतला हाच सर्वांत खरा प्रश्न आहे. ‘जपलं पाहिजे’ असं आपण सहज म्हणतो. त्या वाक्यातला कर्ता कोण, हे मात्र बोलत नाही. शहरात बसून गाव जपावं वाटणं, दुसऱ्याच्या पाठीवर परंपरा जपावी वाटणं, हे त्याच जातीचं आहे. ज्याचे कष्ट, त्याच्या शब्दाला वजन जास्त.

शेवटी तोडगा निघाला तो तत्त्वापेक्षा साधा. खोली दोन हात सरकली आणि थोडी लहान झाली. दर वर्षी पावसाआधी कौलांवरच्या फांद्या उतरवायचा खर्च माझा. रायवळाच्या काड्यांची चार रोपांवर कलमं बांधून घेतली, म्हणजे उद्या वादळात झाड गेलंच तरी चव राहील. त्यातलं एक मामानं आपणहून शेजाऱ्याला दिलं.

वारसा मिळतो असं आपण म्हणतो, जणू ती वस्तू आहे. निदान झाडांच्या बाबतीत तरी तो मिळत नाही, तो करावा लागतो. दर वर्षी, कुणाच्या तरी हातांनी. ते हात आपले नसतील, तर आपण काहीही जपलेलं नसतं; आपण फक्त मत दिलेलं असतं.