अद्भुताची किंमत

गेल्या वैशाखात धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी या गावी आमचा काही दिवस मुक्काम होता. उन्हामुळे दुपारी घराबाहेर पडणे अशक्यच असल्याने, सोबत नेलेल्या पाच-सहा अद्भुत व विज्ञानकल्पित कादंबऱ्या आम्ही तेथे वाचून काढल्या. यजमानांच्या घरची एक दहा वर्षांची मुलगी रोज आमच्याजवळ येऊन बसे आणि वाचलेले सांगा म्हणून हट्ट धरी. एके दिवशी आम्ही तिला एका नव्या कादंबरीतील प्रसंग सांगत होतो. राजपुत्र डोळे मिटून मंत्र म्हणतो आणि बारा वर्षे कोरड्या पडलेल्या देशावर पाऊस कोसळतो. ओसरीवर तिचे आजोबा ऐकत होते. जन्मभर कोरडवाहू जमीन कसलेले ते गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, पावसाविना आमच्या भागातली माणसं घराला कुलपं घालून मुंबई-पुण्याला गेली. तवा तुमचा हा राजपुत्र कुठं होता? असलं पुस्तक लेकराच्या हाती देऊ नये."

आम्ही काहीशा चिडीने उलट विचारले, "आपण तर तेरला गोरोबाकाकांच्या समाधीला जाता. त्यांचे तुटलेले हात परत आले, ही गोष्ट लेकरांना सांगता. तीत अद्भुत नाही काय?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "गोरोबांनी आधी लेकरू गमावलं, हात गमावले. तुमच्या राजपुत्रानं काय गमावलं?"

या प्रश्नाला त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. मागाहून विचार करता आम्हांस वाटू लागले की, अद्भुत वाङ्मयाची पारख करण्याची जी कसोटी आम्ही ग्रंथांत शोधीत होतो, ती त्या ओसरीवर आम्हांस आयती मिळाली.

अद्भुताविषयी सुशिक्षित वाचकांच्या मनात थोडी लाज असते. तिचे कारण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात आहे. ज्या शब्दाने आपण या वाङ्मयप्रकारास ओळखतो, तो 'कादंबरी' हा शब्दच बाणभट्टाच्या सातव्या शतकातील अद्भुत कथेवरून आलेला. एका शुकाच्या तोंडून जन्मजन्मांतरीची हकीकत वदवणारी ती कथा! लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली निघाली, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ साली. आणि काही काळ मराठी कादंबरी अद्भुतरम्यतेतच रमली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये एका विधवेचे दुःख मांडले, तेव्हा त्या अद्भुत नगरींतील दिवे एकाएकी फिके पडले. घरातील रडणे ऐकू येत असता गंधर्वांचे गाणे कोण ऐकणार? हा आक्षेप बेंबळीच्या वृद्ध गृहस्थांच्या आक्षेपाहून फारसा निराळा नाही.

याला जोडून दुसरा एक आक्षेप केला जातो. ज्या समाजात अंगारेधुपारे आणि बुवाबाजी अजून जिवंत आहे, तेथे चमत्कारांच्या कथा लिहिणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय, असे कित्येकांचे म्हणणे आहे. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली, आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात त्यानंतरच, त्याच वर्षी होऊ शकला. हे ध्यानात घेता हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

तथापि येथे दोन गोष्टींची गल्लत होते. बुवा चमत्कार खरा म्हणून सांगतो. कादंबरीकार तो कल्पित म्हणूनच सांगतो. असत्य आणि कल्पित यांत हाच भेद आहे. असत्याला लपावे लागते. कल्पिताला लपण्याचे कारण नसते. दिवंगत जयंत नारळीकर यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवून पारितोषिक मिळवणाऱ्या याच लेखकाने २००८ साली फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय परीक्षा घेतली. शंभर हुशार व शंभर बौद्धिक विकलांग मुलांच्या पत्रिका जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातील ते सांगितले. आणि त्यांची निम्मीही उत्तरे बरोबर आली नाहीत. नाणे उडवूनही यश याहून कमी आले नसते. ज्याने अंतराळाची स्वप्ने रंगवली, त्यानेच आकाशातील ग्रहांना माणसाच्या कपाळावर लिहिण्यास मनाई केली. कल्पना आणि विवेक एका मनात सुखाने नांदू शकतात, याला आणखी पुरावा कशाला? ९३ वे साहित्य संमेलन २०२० साली धाराशिवास, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेस, भरले. आणि पुढच्याच, २०२१ सालच्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद या विज्ञानकथाकाराकडे गेले, ही समाधानाची गोष्ट होय.

मात्र काही कादंबरीकार हा भेद स्वतःच पुसून टाकतात. पुराणांतील अस्त्रे व विमाने प्रत्यक्षात होतीच, असे प्रस्तावनेत बजावून ते कथा सांगू लागतात. तेथे कल्पित संपले आणि असत्य सुरू झाले, असे आम्ही समजतो. अशा पुस्तकांपुरता वरील आक्षेप आम्हांस सर्वस्वी मान्य आहे.

आता पहिल्या, अधिक खोल आक्षेपाकडे वळू. अद्भुत कथा दुःखिताची थट्टा करते काय? केव्हा करते? आमचे उत्तर असे की, चमत्कार फुकट मिळतो तेव्हा करते. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीसच्या अंगठीची कथा आहे. ती घालणारा अदृश्य होतो. अदृश्य होणे ही तेथे केवळ गंमत नाही. पाहणारे कोणी नसता मनुष्य न्यायाने वागेल काय, हा प्रश्न त्या अंगठीत जडवलेला आहे. वेल्सच्या १८९७ सालच्या कादंबरीतील अदृश्य मनुष्यास थंडीत उघडे फिरावे लागते आणि अखेर तो माणसांतून उठतो. नारळीकरांच्या १९८६ सालच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत लोप पावलेल्या संस्कृतीची विद्या जमिनीतून हाती लागते, आणि त्या विद्येबरोबर तिचा धोकाही येतो.

पण आमच्या वृद्ध यजमानांना खरे उत्तर दिले ते अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी. त्यांच्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या अर्थसी बेटांच्या कादंबरीत थोर मांत्रिकांना पर्जन्यमंत्र ठाऊक असतो. तथापि ते तो सहजी उच्चारीत नाहीत. एके ठिकाणी केलेल्या फेरफाराचा भार दुसरीकडे पडतो आणि सृष्टीचा तोल ढळतो, हेच त्यांच्या विद्येचे पहिले पाठ. ही कथा आम्ही दुसऱ्या दिवशी त्या मुलीस सांगितली. आजोबांनी मान हलवली व म्हणाले, "हा मांत्रिक शहाणा दिसतो. आमच्याकडं एकानं खोल बोअर मारली, की शेजाऱ्याची हीर आटते."

कोठल्याही नीतिपाठाने जे साधले नसते, ते येथे साधले. सातासमुद्रापलीकडील कल्पित बेटावरचा नियम मराठवाड्यातील उसाच्या फडापाशी येऊन उभा राहिला. २०१५ व २०१९ साली मराठवाड्याच्या आकाशात विमानांतून ढगांवर बीजारोपण करून पाऊस पाडण्याचे प्रयोग झाले. म्हणजे कालचा मंत्र आज यंत्राच्या रूपाने हाती येऊ पाहत आहे. तो कोणासाठी, कोणाच्या वाट्याचा आणि कोणत्या किमतीस, हे विचारण्याची सवय मुलांना लागावयाची असेल, तर ती प्रामाणिक अद्भुत कथेने लागेल. राजपुत्राच्या फुकट पावसाने ती मोडेल.

यास्तव वाचलेल्या पुस्तकांपैकी दोन आम्ही त्या मुलीपाशी ठेवून आलो, आणि राजपुत्राची कादंबरी परत आणली. निघताना आजोबांनी आम्हांस वेशीपर्यंत पोचवले. वाटेत ते म्हणाले, "पुस्तक चांगलं हाय, गुरुजी. पण पाऊस पडला न्हाई त्यो न्हाईच." त्यांचे म्हणणे खरे होते. वाङ्मयाने पाऊस पडत नाही, आणि पडतो असे त्याने भासवूही नये. ज्या कथेने एवढे पथ्य पाळले, ती लेकराच्या हाती देण्यास आमची हरकत नाही. आणि आमची समजूत अशी की, आजोबांचीही आता नसावी.