अचानक कोणासाठी?

नसीम तालेब यांचे 'द ब्लॅक स्वान' हे २००७ सालचे पुस्तक तसे सकाळच्या प्रसन्न वेळी हातात घेण्यासारखे नाही. लेखक भांडकुदळ आहे. अर्थतज्ज्ञ, बँकर, प्राध्यापक, कोणालाच तो सोडत नाही. पण त्यातले चौथे प्रकरण पेडण्यातल्या पार्से गावात बसून वाचले, तर ते शेजारच्या तालुक्यावर लिहिल्यासारखे वाटते. एका टर्की पक्ष्याला हजार दिवस रोज वेळेवर दाणे मिळतात. दिवसागणिक त्याचा माणसावरचा विश्वास वाढत जातो आणि मान कापली जाण्याच्या आदल्या दिवशी तो सर्वांत पक्का असतो. (मूळची कोंबडी बर्ट्रांड रसेल यांची. तालेब यांनी तिची टर्की केली.)

शेजारच्या डिचोलीत खाणींच्या बाबतीत हेच घडले. चीनला लोहखनिज हवे होते, अगदी हलक्या प्रतीचेही. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेले. लोकांनी कर्जे काढून ट्रक घेतले, मांडवीत बार्ज वाढल्या. बँकेने मागच्या वर्षांची कमाई पाहिली, कर्जदारानेही तीच पाहिली. कोणी देवाला प्रसादही लावला असेल. मग १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही बंदीचा आदेश दिला. ट्रक दारात उभे, हप्ते चालू. 'खाण अवलंबित' हा शब्द तेव्हापासून वर्तमानपत्रांत रोजचा झाला.

पण हे खरेच अचानक होते का? शिरगावात विहिरी आटल्या होत्या, त्या घरांना विचारा. ज्यांच्या भातशेतीत पावसाबरोबर खाणीची माती उतरत होती, त्यांना विचारा. बेकायदा खाणींची चौकशी करायला शहा आयोग नेमला गेला तो नोव्हेंबर २०१० मध्ये, बंदीच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. तालेब म्हणतात, धक्का टर्कीला बसतो, खाटकाला नाही. मला वाटते, खाटकाच्या शेजाऱ्यालाही तो बसत नाही. त्याला सुरी पाजळल्याचा आवाज ऐकू येत असतो, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मधल्या काळात सुरू झालेल्या खाणी १६ मार्चपासून पुन्हा थांबल्या. त्या वेळी 'कल्पनाच नव्हती' म्हणायला फारशी जागा उरली नव्हती.

आता पाळी पेडण्याची आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी इथल्या मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले. आपल्याकडे कर्ज निघते ते आता टॅक्सीसाठी, खोल्या बांधण्यासाठी. विमाने थांबू शकतात हे मार्च २०२० मध्ये साऱ्या जगाने पाहिले, तरी हिशेब पुन्हा चांगल्या हंगामांचाच मांडला जातो. काजूवाल्याचे तसे नसते. धुके पडले की मोहर जातो, हे तो धरूनच चालतो, म्हणून काजूच्या जोडीला माड राखतो, थोडे भात लावतो. त्याला भविष्य अधिक कळते असे नाही. एका वाईट वर्षाने तो बुडत नाही, एवढेच.

तालेब यांचे अख्खे पुस्तक वाचायला सवड नसेल तर चौथे प्रकरण तेवढे वाचा. आणि कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी विमानतळासाठी ज्याची जमीन गेली, अशा एखाद्या शेतकऱ्याशी अर्धा तास बोलून या.