मागण्याआधीचं पाणी

माथेरानला येणाऱ्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे लाल मातीची वाट. आता ई-रिक्षा आल्या आहेत, तरी पाठीवर माणूस घेऊन पॉइंटांकडे निघालेले घोडे अजून दिसतातच. फेरी संपून पाहुणा उतरला की जाणता घोडेवाला आधी दोन कामं करतो. तंग सैल करतो आणि घोड्याला पाणी दाखवतो. घोड्याने ते मागितलेलं नसतं. तो खिंकाळलेला नसतो, बादलीकडे त्याने ओढही घेतलेली नसते. कधी कधी तर तो नुसता ओठ बुडवतो आणि मान वळवतो. घोडेवाला बादली उचलत नाही. थोड्या वेळाने घोडा आपणहून वळतो, ओठ जेमतेम उघडून पाणी ओढायला लागतो, आणि घोटागणिक त्याचे कान हलतात. एखादा घोडा पाणी पिताना दिसला तर त्याच्या कानांकडे जरूर बघा. चार-पाचशे किलोच्या घोड्याला साध्या दिवशी 25 ते 45 लिटर पाणी लागतं. उन्हात कष्टाचं काम असेल तर याच्या दुप्पटही. हिरव्या कुरणात चरणाऱ्याला त्यातलं बरंचसं गवतातूनच मिळतं, कारण ताज्या गवताच्या वजनात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असतं. वाळल्या गवतात ते जेमतेम दहावा हिस्सा. आणि आपल्याकडे गवत वाळतं नेमकं तेव्हाच घामही वाढतो.

खरी गोष्ट आहे ती या घामाची. आपल्याला घाम येतो तेव्हा पाणी जास्त जातं, मीठ त्या मानाने कमी. मागे उरलेलं रक्त किंचित खारट होतं, मेंदूला ते लगेच कळतं, घसा कोरडा पडतो आणि आपण माठाकडे जातो. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा फार खारट. पाण्याबरोबर मीठही भरभरून निघून जातं, त्यामुळे रक्ताचा खारटपणा फारसा बदलत नाही. मेंदूपर्यंत निरोपच पोचत नाही. उकाड्यात जोराने पळणारा घोडा तासाला 10 लिटरांहून जास्त घाम गाळू शकतो. अंगावर पांढरा फेस येतो, पाठ निथळत असते, आणि तरीही समोरच्या बादलीला तो तोंड लावत नाही. बघणाऱ्याला वाटतं, याला तहान नाही. खरंच नसते. गरज मात्र असते. म्हणून घोडे पाळणारे गव्हाणीत मिठाचा खडा ठेवतात. घोडा तो चाटतो, रक्तात मीठ परत येतं आणि त्यामागून तहानही येते. दमून आलेल्या घोड्याला काही जण आधी किंचित खारट पाणी देतात आणि मग साधं. तो एरवीपेक्षा जास्त पितो. मला ही रीत आवडते. तोंडात नळी घालायची नाही, मान दाबून धरायची नाही. झोपलेली तहान तेवढी जागी करायची.

तहान बोलत नसेल तर बोटांनी विचारावं लागतं. खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडली की ती पटकन सपाट व्हायला हवी. वळी तशीच उभी राहिली तर पाणी कमी पडलंय. वरचा ओठ उचलून हिरडी बघतात. ती ओली आणि गुलाबी असावी, बोटाने दाबल्यावर पांढरी होऊन दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. रोजचा खरारा करता करता हे सगळं होऊन जातं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. लिदीकडेही नजर हवी. गोळ्या बारीक, कडक, कोरड्या दिसल्या की समजावं. घोड्याला उलटी होत नाही. आतड्याच्या अरुंद वळणावर सुका चारा अडकून बसला तर त्याला पुढे सरकायला पाणीच लागतं. त्यातून होणारा पोटशूळ जिवावरही बेततो. आणि हे दुखणं फक्त उन्हाळ्याचं आहे असं नाही. थंडीत पाणी गार लागतं, घोडा कमी पितो, खातो मात्र सुकं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तेव्हा राजस्थान, गुजरातेतून घोडे येतात. लांबचा प्रवास, गार हवा आणि वर परकं पाणी. घोड्याचं नाक तिखट. ओळखीचा वास नसला तर तो पाणी हुंगतो आणि सोडून देतो. म्हणून काही अनुभवी माणसं घोडा घरी असतानाच त्याच्या पाण्यात थोडा गूळ घालायला लागतात. वाटेतल्या पाण्यातही तोच गूळ पडला की त्याला ते घरचं वाटतं. दमून आलेल्या जनावराला पाणी देऊ नये, गार पाणी अंगावर पडलं तर ते आखडतं, असंही आपण ऐकत आलो आहोत. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या दमट उकाड्यात घोड्यांचं कसं होणार, ही मोठी काळजी होती. त्या निमित्ताने अभ्यास झाले. गार पाणी अंगावर ओतल्याने घोडा आखडत नाही, उलट लवकर निवतो, हे त्यातून स्पष्ट झालं. पिण्याचंही तेच. थोडं पाजावं, थोडं चालवावं, पुन्हा पाजावं, पण तोडू नये. मला या सगळ्यात आठवतो तो वरातीतला घोडा. मे महिना, अंगावर जरीची झूल, कानाशी बँड, आणि नाचणाऱ्यांचं मन भरेपर्यंत एका जागी उभं राहायचं. नवरदेवाला सरबत विचारायला दहा जण धावतात. कुणा मामांनी घोड्यासाठी एक बादली मागवली, तर मुहूर्त काही टळत नाही.

आपल्या घरातही अशी न मागणारी माणसं असतात. वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते. आजींना विचारावं, ‘पाणी देऊ का?’ तर उत्तर ठरलेलं असतं, ‘नको गं, आत्ताच तर प्याले.’ ते आत्ताच म्हणजे सकाळच्या चहानंतरचे दोन घोट असतात. खेळात रमलेल्या मुलाचंही तेच. त्याच्या आईला ते ठाऊक असतं, म्हणून ती विचारत बसत नाही, पेला घेऊन अंगणात येते. चौकात उभी असलेली महिला पोलीस किंवा बाजारात बसलेली भाजीवाली यांची अडचण निराळी. त्यांना तहान लागते, पण जवळपास धड स्वच्छतागृह नसतं, म्हणून त्या ती मारतात. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर त्यामागे काय आहे, तेही आपल्याला समजायला हवं. दारात आलेल्या माणसाला आपल्याकडे पाणी हवं का म्हणून विचारत नाहीत. तांब्या-पेला पुढे येतो, बोलणं मागाहून. उन्हातून आला असेल तर बरोबर गुळाचा खडाही. पाहुण्यासाठी हे हात आपसूक चालतात. रोज घरात वावरणाऱ्याला मात्र आपण लांबूनच विचारतो, तो ‘नको’ म्हणतो आणि आपण आपल्या कामाला लागतो. ही सवय थोडी वळवता येते. विचारण्याऐवजी पुढे ठेवावं. पाण्याचं जसं, तसं विश्रांतीचंही. ‘बसतेस का जरा?’ असं आईला म्हटलं तर ती बसत नाही. खुर्ची ओढून दिली आणि हातातली भाजी आपण निवडायला घेतली, तर बसते. ‘काही अडलंय का?’ असं बाबांना विचारलं तर ते ‘छे’ म्हणतात. बँकेच्या कागदांचा गठ्ठा घेऊन शेजारी बसलं, तर हळूहळू चष्मा पुसत दोन गोष्टी सांगतात. आज कामाला निघण्याआधी आजींच्या उशाशी तांब्या भरून ठेवायला अर्धं मिनिट लागेल. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेवढंच, पण हाताशी, झाकण सहज निघेल असं. संध्याकाळी आल्यावर तांब्या उचलून बघावा. सामाईक हौदावर सोडलेल्या घोड्याचं पाणी मोजता येत नाही. बादलीने पिणारा किती प्याला ते दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी काय करायचं तेही ठरवता येतं.