भागीदारी की भीती?

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात ‘किंगडोम’ नावाचे एक प्रचंड क्रीडागृह होते. १९७६ साली ते उघडले आणि २६ मार्च २००० रोजी सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आले. इमारत गेली, परंतु तिच्यापायी काढलेले कर्ज राहिले. ते करांच्या पैशातून पूर्ण फिटावयास २०१५ साल उजाडले.

अमेरिकनांना बेसबॉल हा आपल्याकडील क्रिकेटसारखाच जिवाभावाचा खेळ. संघ धनिकांच्या मालकीचे, मैदान मात्र पुष्कळदा लोकांच्या पैशाने बांधलेले. मैदान द्या, नाहीतर संघ दुसऱ्या शहरी नेतो, हे मालकांचे हुकमी अस्त्र. प्रमुख लीगमध्ये संघ अवघे तीस, आणि हवे असणारी शहरे त्याहून अधिक. शिवाय १९२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा खेळ मक्तेदारीविरोधी कायद्याबाहेर ठेवला. त्यामुळे ही टंचाई टिकविणे मालकांना सोपे जाते.

सप्टेंबर १९९५ मध्ये सिअ‍ॅटलच्या परिसरातील मतदारांना विचारण्यात आले की, नव्या मैदानासाठी विक्रीकर वाढवावा काय? थोड्या मतांनी का होईना, त्यांनी नकार दिला. त्याच सुमारास संघ जिंकू लागला, शहर आनंदाने वेडे झाले आणि ऑक्टोबरात राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन भरवून अन्य करांतून पैसा उभा केला. उपाहारगृहातील जेवणावर अर्धा टक्का कर बसला. १९९९ मध्ये मैदान उघडले. खर्च ५१ कोटी डॉलरांवर गेला व त्यातील मोठा वाटा सार्वजनिक होता. जन्मात सामना न पाहिलेला मजूरही आपल्या थाळीमागे त्याचे पैसे मोजू लागला.

आता प्रश्न असा की, ही संमती म्हणावी काय? प्रिय वस्तू हिरावली जाईल या भयाने दिलेला होकार खरा होकार असतो काय? आणि एकदा दिलेला नकार पुसून टाकण्याचा अधिकार कोणाचा?

भाषांतर करणाऱ्याला शब्द तोलण्याची खोड असते. अशा व्यवहारांना ‘भागीदारी’ म्हणण्याची प्रथा आहे. भागीदार नफ्यातही वाटेकरी असतो! मायामीचे मैदान २०१२ साली सुमारे ६३ कोटी डॉलर खर्चून बांधले गेले, तेही बहुतांशी लोकांच्या पैशाने. त्याच वर्षअखेर मालकाने आपले महागडे खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन टाकले. २००२ मध्ये १५.८ कोटी डॉलरांना घेतलेला हा संघ त्याने २०१७ मध्ये १२० कोटींना विकला. करारातील आपला वाटा मिळावा म्हणून स्थानिक शासनाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेल्या गोष्टीत श्रीमंताचा कळप मोठा होता, तरी पाहुणचारासाठी त्याने कोकरू घेतले ते गरिबाचे.

मैदानामुळे रोजगार वाढतो, असे समर्थन केले जाते. अर्थशास्त्रज्ञांना बहुधा ते पटत नाही. कारण तिकिटावर खर्च झालेला पैसा गावातल्याच दुसऱ्या करमणुकीतून काढून घेतलेला असतो. तरीही एक गोष्ट नाकारता येणार नाही. अनोळखी माणसे खांद्याला खांदा लावून एकाच आनंदात न्हातात, अशा जागा शहरात फार थोड्या उरल्या आहेत. तो आनंद खोटा नाही. चाहत्याने त्यासाठी तिकीट काढावे, हेही रास्तच. पण शेजाऱ्याच्या ताटातून त्याची किंमत वसूल करण्याचा हक्क त्याला कोठून मिळाला, हे मला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९८७ व १९८९ मध्ये नकार दिला होता. अखेर मालकांनी मुख्यत्वे खाजगी पैशाने मैदान बांधले. ते २००० साली उघडले, आणि संघ शहरातच राहिला. खाडीपलीकडील ऑकलंडला मात्र हे भाग्य लाभले नाही. तेथे नव्या मैदानाच्या वाटाघाटी फिसकटल्या, आणि जून २०२३ मध्ये नेवाडा राज्याने लास व्हेगासमधील मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक मदत मंजूर केली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ऑकलंडच्या जुन्या मैदानात संघाचा शेवटचा सामना झाला. निरोप द्यावयास शेचाळीस हजारांहून अधिक लोक आले होते.