नवाच आहे की प्लग!

पुण्याच्या मार्केट यार्डातून किराणा भरायचा, हडपसर मागे टाकायचं, दिवे घाट चढायचा आणि सासवडच्या दुकानांत माल उतरवायचा. या धंद्यासाठी एका पोरानं जुना सीएनजी टेम्पो घेतला. सपाटीला गाडी कशी झकास चालायची. वडकी सोडून चढ लागला की मात्र झटके सुरू. इंजिन थरथरायचं, पिकअप मरायचा, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. पेट्रोलवर टाकली की बरीच सुधारायची. त्यामुळे ज्यानं त्यानं गॅसलाच दोषी धरलं.

पहिल्या गॅरेजनं गॅसचा फिल्टर बदलला. फरक पडला नाही. दुसऱ्यानं स्कॅनर लावला, तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय असं निघालं, म्हणून तिथली कॉइल बदलली. आठवडाभर गाडी घाट सहज चढली आणि मग पुन्हा तेच. दुसरी नवी कॉइल घातली, तीही काही दिवसच टिकली. आता इंजिन खोलावं लागेल, असं ठरत आलं होतं. गाडीचा हप्ता थकला होता. म्हणून पोरगा गाडी तशीच रेटत होता, आणि हे फार वाईट. दिवा लुकलुकत असताना गाडी ओढली, तर न जळलेलं इंधन पुढे सायलेन्सरच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तोही महागडा भाग जातो.

शेवटी कुणीतरी त्याला सासवडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे धाडलं. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी सीट उचलून इंजिन उघडण्याआधी पोराला समोर बसवलं.

"कधी मारते रे मिसिंग?"

"घाटात, तात्या. माल भरलेला असला की."

"रिकामी असताना?"

"नाही."

"पालखीच्या रथाला दिवे घाटात जादा बैल का जुंपतात, ठाऊक आहे ना? लंगडा बैल सपाटीला कळत नाही बाळा, चढाला कळतो. प्लग काढून बघितलास?"

"नवाच आहे की प्लग! दोन महिन्यांपूर्वी चारही बदललेत."

नेमकं याच उत्तरावर दोन्ही गॅरेजं थांबली होती. तात्यांनी प्लगपाना मागवला.

तीन नंबरची कॉइल उपसली, तर तिचं रबर तेलानं फुगून मऊ पडलेलं. प्लग बाहेर आला. टोक फिकट तपकिरी, अगदी निरोगी. पोराचा चेहरा खुलला. तात्यांनी मात्र प्लगची पांढरी चिनीमाती फडक्यानं स्वच्छ पुसली आणि प्लग उन्हात धरला. वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती. नखानं खरवडली, तरी जाईना. मग जुन्या कॉइली मागवून त्यांचं रबर चिरलं. आत तशीच जळकी रेघ, दोन्हींत.

तात्यांनी सगळं उलगडून सांगितलं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि प्लगच्या खळग्याचं सील गेलं होतं. तेल पाझरून खळग्यात साचलं आणि त्यानं रबर खराब केलं. मग वीज टोकाशी न जाता प्लगच्या अंगावरून बाहेरच्या बाहेर पळू लागली, आणि पळता पळता तिनं चिनीमातीवर कोळशाची वाट पाडली. ओझं आलं की सिलिंडरात दाब वाढतो. त्या दाबात ठिणगी पाडायला वीज जोराची लागते, सीएनजीला तर पेट्रोलहूनही जास्त. तेव्हा वीज ती बाहेरची सोपी वाट धरते. नवी कॉइल घातली की कोरं रबर थोडे दिवस तिला अडवतं. पण तीच रेघ नव्या रबरालाही जाळते.

"म्हणजे कॉइली चांगल्या होत्या?"

"घातल्या तेव्हा चांगल्याच होत्या. आपणच त्या जाळल्या."

तात्यांनी आधी पॅकिंग आणि सील बदलली, खळगे कोरडे केले, आणि मगच नवा प्लग व कॉइल बसवली. त्या दिवशी त्या टेम्पोत पडलेलं ते पॅकिंग आणि सील कॉइलीपेक्षा कितीतरी स्वस्त होतं.

काढलेला तो प्लग पोरानं टाकला नाही. टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवलाय. टोक पाहिलं तर आजही नवाच वाटतो. हातात घ्याल तेव्हा आधी फडक्यानं पुसा आणि मग उन्हात धरा.